खेरीखेड्याच्या सहा सायकली

कारखान्याच्या टाउनशिपमधल्या पिपलानीच्या उतारावरून सुहासिनी दोन हातांनी दोन सायकली ओढत चालली होती, आणि दोन्ही सायकलींना वेगवेगळ्या दिशांना जायचं होतं. एप्रिलचं ऊन. त्यात एकीचं पॅडल साडीत अडकलं आणि ती भर रस्त्यात खिळून राहिली.

"एकीवर बसायचं, दुसरी धरायची. हे काय करून राहिले तुम्ही?" मागून कुणीतरी म्हणालं.

"बसता आलं असतं तर हे केलं असतं का?" ती वैतागली.

तो हसला नाही. वाकला, ग्रीसने काळे झालेले हात रुमालात गुंडाळले आणि मगच साडीला हात लावला. काठावर एकही डाग पडला नाही. सुहासिनीच्या मनात ते राहून गेलं.

तो दत्तात्रय, नागपूरचा, कारखान्यात फिटर. ती ग्वाल्हेरची, टाउनशिपच्या शाळेत शिक्षिका. चालता चालता तिने सगळं सांगून टाकलं. जवळच्या खेरीखेडा गावात शाळा पाचवीपर्यंतच, पुढची सात किलोमीटरवर. पाचवी पास झालेल्या सहा मुली आता घरी बसणार होत्या. म्हणून महिला मंडळ घरोघरी फिरून जुन्या लेडीज सायकली मागत होतं. मुलींचे बाप राजी होते... पण एका अटीवर. सायकल शिकवायला पुरुष नको.

"म्हणजे तुम्ही शिकवणार?"

"हो."

"आणि तुम्हाला कोण शिकवणार?"

ती दोन्ही हँडलं सावरू लागली.

"सायकली मी दुरुस्त करून देतो," तो हळूच म्हणाला. "बाकीचं... तुम्ही म्हणाल तसं."

दुसऱ्या दिवसापासून शाळेमागच्या मैदानात सुहासिनीची पहाटेची शिकवणी सुरू झाली. सोबतीला पायरीवर सरोजताई, तिच्याच शाळेतल्या, वर्तमानपत्र उघडून बसायच्या.

"समोर बघा."

"समोर झाड आहे!"

"झाड हलणार नाही. तुम्ही वळा... अरे, माझ्याकडे काय बघून राहिले?"

"सीट धरलीय ना, ते बघून राहिले," तिने त्याचीच नक्कल केली.

वर्तमानपत्र गदागदा हललं. दत्तात्रयचे कान लाल झाले, आणि सायकल सरळ झाडावर गेली.

जूनमध्ये सहा सायकली टेम्पोत चढल्या. गावाच्या वेशीवर दत्तात्रय उतरला. "इथून पुढे तुमचं काम," म्हणून तो लिंबाखाली उभा राहिला.

चौपालावर, गावाच्या मधल्या चौकात, सगळं गाव जमलं होतं. सुहासिनी सायकलवर बसली, दहा-बारा पॅडल मारली, आणि वळताना धुळीत धाडकन पडली. कोपर सोलवटलं. एक म्हातारा मान हलवत उठला. "हमने तो पहले ही कहा था..."

तिने वेशीकडे पाहिलं. दत्तात्रय जागचा हलला नव्हता. ती उठली, पदर खोचला आणि पुन्हा सायकलवर बसली. या वेळी चौपालाला पुरा फेरा घातला.

तेवढ्यात त्या सहाजणींतली सगळ्यांत लहानखुरी मीना खिदळत पुढे आली. "बहनजी गिरीं तो मरीं थोड़ी! अब मैं." संध्याकाळपर्यंत सहाही मुलींचे गुडघे फुटले होते, आणि एकही घरी जायला तयार नव्हती.

"धावत का नाही आलात?" वेशीवर येताच सुहासिनीने विचारलं. आवाजात रुसवा होता.

"आलो असतो तर सगळे म्हणाले असते, बघा, बाईला शेवटी पुरुष लागतोच." तो खाली पाहत म्हणाला. "त्या झाडाला धरून उभा होतो... सोप्पं नव्हतं हो."

त्याच्या दोन्ही तळहातांवर सालीचे ओरखडे होते. सुहासिनीने ते पाहिले आणि मग तिला त्याच्याकडे बघवेना.

जुलैत शाळा उघडली. सहाजणी रांगेने गेल्या, घंट्या वाजवत. आता भेटायला काही निमित्त उरलं नव्हतं. तर त्या रविवारी दत्तात्रय आपल्या आईला घेऊन थेट सुहासिनीच्या क्वार्टरमध्ये आला.

सुहासिनीच्या बाबांशी हवापाण्याचं बोलणं झालं, नागपूरच्या उन्हाचं झालं. दत्तात्रयने तीनदा घसा खाकरला, पण शब्द फुटेना. सुहासिनी चहा घेऊन आली. ट्रे ठेवला आणि सरळ म्हणाली,

"बाबा, मला हे आवडतात."

बाबांच्या हातातली बशी तशीच राहिली. दत्तात्रय तर श्वास घ्यायचाच विसरला. मग त्याची आई दिवाणावर जराशी सरकली आणि शेजारची जागा थोपटून म्हणाली,

"ये बाई, बस इथं."