सर्जाला भाला कोण मारणार?

"काका, इथं 'ऑलिव्ह' काहून लिहिलंय?" बोर्डाला गुंडाळलेल्या फाटक्या कागदातून आत डोकावत आरोही ओरडली.

"हात नको लावू! शहरातून छापून आणलाय बोर्ड. पाहुण्यांसमोरच उघडायचा!" भागवतकाका गुरकावले आणि गोठ्याकडे निघून गेले.

दिवाळीची सुट्टी होती. शाळांच्या सहली ठरवणारे पाहुणे दुपारी जांभळवाडीत येणार होते. गाव आवडलं, तर सिद्धेश्वर धरण बघून परत फिरणाऱ्या सहली इथंही थांबणार! म्हणून तर पाराला टेकवून हा गावाच्या माहितीचा बोर्ड ठेवला होता.

आरोहीचा वर्गमित्र विशू आणि गावाच्या बंजारा तांड्यावरची शितल धावत आले. विशूने फटीला डोळा लावला.

"'गावाभोवती ऑलिव्हच्या बागा आहेत...'"

"बागा? इथं तर नजर जाईल तिथं हळद हाय!" शितल म्हणाली.

"पुढं ऐक! 'जत्रेत वीर भाला घेऊन बैलाशी झुंजतो. स्पेनमधले हे चिमुकले गाव...'"

"स्पेन!" तिघंही किंचाळले.

"पण सांगून काका ऐकायचे न्हाईत," विशू कुरकुरला.

आरोहीचे डोळे चमकले. "सांगायचंच न्हाई. विचारायचं!"

गोठ्यात काका आपल्या लाडक्या बैलाच्या, सर्जाच्या शिंगांना तेल लावत होते.

"काका, सर्जाला सोडा," आरोही गंभीरपणे म्हणाली. "पाहुण्यांना झुंज दाखवायचीय. भाला तुमी धरता, का विशूला देऊ?"

"भाला? माझ्या सर्जाला?" तेलाची वाटी कलंडली. "पोळ्याला पुरणपोळी खाणारं लेकरू हाय ते! कोण म्हणलं असं?"

"तुमीच! बोर्डावर!"

काका धावतच पारावर गेले. कागद टराटरा फाडून त्यांनी वाचलं आणि खिशातून मोबाइल काढून त्याच्यावर डोळे वटारले. "मोबाइलला म्हणलं, छोट्या गावाची झकास माहिती दे. आली तशी छापायला धाडली की!"

"गावाचं नाव सांगायचं ऱ्हायलं वाटतं!" विशू खुसखुसला.

गलका ऐकून सरपंच द्वारकाबाई आल्या. बोर्ड वाचून त्यांनी कपाळावर हात मारला. "आता पाहुण्यांना काय दाखवू?"

"मागची काळी बाजू कोरी हाय, सरपंचकाकू! आमी लिहितो!" आरोही म्हणाली.

"लिहा! पण चुना डोळ्यात जाऊ देऊ नका, सांगून ठेवते!"

चुन्यात बुडवलेले ब्रश सरसर फिरू लागले. विशूने जुन्या बारवेच्या पायऱ्या आणि तिचं कधीच न आटलेलं पाणी लिहिलं. आरोहीने पोळा, येसराची आमटी आणि खमंग धपाटे लिहिले. शितल मात्र ब्रश धरून घुटमळली. "तांड्याचं लिहू का?"

"विचारून काय राहिलीस? तांडा काय दुसऱ्या गावात हाय?" द्वारकाबाई म्हणाल्या.

शितलने ठसठशीत अक्षरांत लिहिलं, "दिवाळीच्या आवसेला आमच्या तांड्याच्या पोरी दिवे घेऊन घरोघर 'मेरा' म्हणजे दिवाळीची ओवाळणी मागतात."

पाहुणे आले. त्यांच्यातल्या एक बाई त्या ओळीपाशी थबकल्या. "हे कधी बघायला मिळतं?"

"उद्याच!" शितल म्हणाली.

"मग आजचा मुक्काम इथंच! आणि सहलींचंही नक्की!"

पारावर टाळ्यांचा कडकडाट झाला.

"शाब्बास रे लेकरांनो! गावाची मान उंच केलीत!" द्वारकाबाईंनी तिघांची पाठ थोपटली.

"अक्षर आमच्याच पोरांचं हाय, बरं का!" भागवतकाका प्रत्येक पाहुण्याला सांगत सुटले.

आणि शितल? ती सगळ्यांच्या पुढे चालत होती, पाहुण्यांना तांड्याची वाट दाखवत!