काळ्या घोड्याची शेपटी

आयबिके हरवलेला उंट नुसत्या ढेकरेवरून ओळखायची, असं सिरदर्या नदीकाठचे ओघुज टोळीवाले सांगत. साफ खोटं. तिला वासच पुरायचा.

त्या दुपारी मेंढपाळ यारुकची बायको सेविन्च तिच्या तंबूत आली.

"ताई, सूर्य मावळला की यांना मारणार. आपल्या टोळीचा सरदार, बेग, नदीकाठी मेलेला सापडला, पाठीत बाण. यांनीच पाहिलं, यांनीच धावत येऊन सांगितलं, आणि यांनाच बांधलं. परवा बेगने यांना चाबकाने फोडलं होतं ना."

"मग त्यानेच मारलं," आयबिकेचा दीर तोकलू म्हणाला.

"भावजी, तुम्ही घोड्यावर बसा. विचार करायचं घोडा बघेल."

बेगच्या तंबूत त्याची विधवा एसेन कोरड्या डोळ्यांनी बोलली. "पहाटे ते पायीच शिकारीचे फासे बघायला गेले. मग बर्फ सुरू झाला. दुपारी थांबला, तेवढ्यात यारुक बातमी घेऊन आला."

बेगचा धाकटा भाऊ इनाल नाक पुसत होता. "मी झोपलो होतो. बातमी ऐकली, रडलो, दादाच्या काळ्या घोड्याची शेपटी कापली. नाही कापली, तर मेलेला त्यावर बसून परत येतो."

"कुठे कापलीस?" आयबिकेने विचारलं.

"त्याच्या खुंट्याशी. दुसरीकडे कापतात का?"

घोडा आडोशाला उभा होता. खुंट्याभोवती बर्फ दह्यासारखा सलग. तोकलूचा पाय त्यात घोट्यापर्यंत रुतला.

"वहिनी, माझ्या बुटाला केस उगवले. काळे, हातभर लांब."

"राहू द्या. शोभतात."

सूर्य भालाभर उरला होता. म्हाताऱ्या पंचांसमोर आयबिकेने तोकलूचा बूट ठेवला.

"इनाल म्हणतो, शेपटी बातमीनंतर कापली. बर्फ तेव्हा थांबला होता. मग घोडा खुंट्यापर्यंत उडत गेला? तिथे एक खूर उमटलेला नाही. आणि केस बर्फावर नाहीत, खाली गवतावर आहेत. म्हणजे कापली ती बर्फ पडण्याआधी, पहाटे. बेग मेलाय हे तेव्हा मारणाऱ्यालाच ठाऊक."

"बातमी येईपर्यंत थांबायचं की रे," एक पंच हळहळला.

"पडताना त्याने वळून पाहिलं," इनाल म्हणाला. "मला ओळखलं. कसा थांबू?"

यारुकचा दोर सोडला. तोच इनालला पुरला.

त्या टोळीच्या पणतवंडांनी पुढे दगडी शहरं घेतली, गालिच्यांवर बसून न्याय केले. स्वारीच्या भाल्याला मात्र घोड्याची शेपटी बांधत राहिले. कशाला, असं विचारलं तर म्हणत, शौर्याची खूण आहे.

तोकलूने बूट कधीच साफ केला नाही.