कोरड्या पाइपचं पाणी

"नळाला थेंब नाही," लिओनी गेडी म्हणाली, "आणि माझे कागद म्हणे पाइप गळून भिजले."

तिने निळा पत्र्याचा डबा सिबोंगिले मासूकूच्या टेबलावर आपटला. आत एक वाळून वाकडा झालेला कागद होता. त्यावरची शाई पसरून जांभळा डाग झाली होती.

मासूकू बुलावायोत खाजगी तपास करायची. तिची गाडी चालवणारा ऑब्री लॅमाँट हा निवृत्त रेल्वे गार्ड. त्याला गोष्टी उशिरा कळत, पण कळेपर्यंत तो प्रश्न विचारणं सोडत नसे.

"कागद कसला?" त्याने विचारलं.

बापाचा जन्मदाखला. लिओनीचा आजा स्कॉटलंडहून आलेला इंजिन ड्रायव्हर. आजीपासून त्याला पाच पोरं झाली आणि एकाच्याच दाखल्यावर त्याने बाप म्हणून सही केली. रक्त द्यायला लाजला नाही, नाव द्यायला लाजला. ज्याच्यासाठी सही केली तो लिओनीचा बाप. आजा ब्रिटनमध्ये जन्मलेला असला की नातवाला तिकडे जाऊन पाच वर्षं काम करता येतं. सही नसेल तर आजा नाही, आणि आजा नसेल तर व्हिसा नाही. चार काकांची पोरं आजही इथेच सडताहेत ती त्यामुळेच.

लिओनी शवपेट्यांना आतून सॅटिन लावायची. दुसऱ्या कुठल्या दाराने तिला कोण आत घेणार होतं? पुढच्या आठवड्यात राजधानीत, हरारेला, व्हिसाचा अर्ज द्यायचा होता.

"नवी प्रत काढ ना," ऑब्री म्हणाला.

"काका, कचेरीत मूळ नोंदवहीच सापडत नाही म्हणतात. दोन प्रती होत्या. दुसरी डेन्झिलकडे होती, माझ्या भावाकडे. त्याच आज्याच्या नावावर तो नऊ वर्षांपूर्वी लीड्सला गेला. घर बदलताना हरवली म्हणतो."

गुरुवारी लिओनी कामावर असताना तिघं घरात येऊन-जाऊन होते. आई, सुट्टीवर आलेला डेन्झिल आणि मागच्या खोलीतला भाडेकरू फिलेमॉन. डबा बोळातल्या कपाटात होता. त्याच कपाटातून न्हाणीघराचा पाइप जातो. त्याचा नट सैल झालेला सापडला आणि डब्याचं झाकण उघडं होतं.

"आणि तुमच्या बाजूला पाणी सोमवार-मंगळवारीच येतं," मासूकू म्हणाली.

"आलं तर."

लिओनीच्या घरी अंगणात नळ कायम उघडा होता. त्याखाली पत्र्याची बादली. पाणी आलं की तिचा आवाज होतो आणि अख्खी गल्ली उठते. आत्ता त्या बादलीत एक कोंबडी बसली होती. मासूकूने हात घालून तिच्याखालून एक अंडं काढलं, पाहिलं आणि परत ठेवलं.

"केव्हापासून बसली आहे?"

"बुधवारपासून," फिलेमॉन म्हणाला. "हलत नाही, ताई. सासूसारखी बसली आहे."

फिलेमॉनने लिओनीला दोनदा मागणी घातली होती, ती दोनदा नाही म्हणाली होती. ती गेली तर घर विकलं जाईल, त्याची खोलीही जाईल, हे त्याने आपणहून सांगितलं. मासूकूने कागदांबद्दल विचारलं तेव्हा त्याने बोअरवरून आणलेले दोन पिवळे कॅन खाली ठेवले. पहाटेपासून रांगेत उभं राहून आणलेलं पाणी आपण कागदावर ओतू का, असं त्याने विचारलं. जाळायचे असते तर चूल होती.

आई व्हायोला काठी टेकत आली. पक्षाघातापासून तिचा डावा हात नुसता लटकत असे. तिला न्हाऊ घालणं, उचलणं, रात्री कूस बदलणं, सगळं लिओनी करायची.

"पाइप जुना आहे," ती म्हणाली. "देवाच्या मनात नसेल तिचं जाणं."

"गुरुवारी पाणी आलं होतं, मा?" मासूकूने विचारलं.

"कधी कधी अवेळी येतं."

लिओनीने चहा दिला. ऑब्रीच्या पेल्याला आतून पांढरं कडं होतं, किटलीचीही तीच गत. बोअरचं पाणी, क्षारांनी भरलेलं. खिडकीत प्लास्टिकच्या नव्या कोऱ्या बाटल्या ओळीने उभ्या होत्या. त्यांतही तेच पाणी भरून ठेवलेलं, बुडाशी पांढरा गाळ.

मासूकूने निळ्या डब्याच्या झाकणावर कॅनमधल्या पाण्याचे थोडे थेंब टाकले आणि झाकण उन्हात ठेवलं.

"हे काय आता?" ऑब्रीने विचारलं.

"चहा पी."

निघताना तिने झाकण उचललं. थेंब वाळून पांढरे ठिपके उरले होते. डब्याच्या आतली निळाई मात्र लख्ख होती.

डेन्झिल हिलसाइडच्या बड्या वस्तीत, स्वतःची बोअर असलेल्या गेस्टहाउसमध्ये उतरला होता. तिथे बोअरचं पाणी हिरवळीवर कारंज्याने उडत होतं. आईच्या घरी झोपायला जागा नाही, असं त्याने सांगितलं. जागा होती. त्याच्या हातात पाण्याची सीलबंद बाटली होती. इथल्या पाण्याने आपलं पोट बिघडतं म्हणाला. नऊ वर्षांत पोटसुद्धा साहेबाचं झालं.

"जुनं प्लंबिंग आहे ते," तो म्हणाला. "दर फोनवर सांगतो, बदला म्हणून. पण ऐकतो कोण? आणि लिओनीला तिकडे जाऊन काय करायचंय? म्हाताऱ्यांची ढुंगणं पुसायची?"

"इथे ती काय करते?" मासूकूने विचारलं.

त्याने घड्याळ पाहिलं. रविवारी त्याचं विमान होतं.

शनिवारी दुपारी मासूकूने सगळ्यांना व्हायोलाच्या स्वयंपाकघरात बसवलं.

"या गावात तीन तऱ्हेचं पाणी आहे," ती म्हणाली. "पहिलं नळाचं. बरेच दिवस बंद राहून आलं की लाल-तपकिरी येतं. ते गळलं असतं तर कागद गंजाने रंगला असता. रंगला नाही. आणि गुरुवारी पाणी आलंच नव्हतं. कोंबडी कोरडी होती."

ऑब्री हसला.

"दुसरं बोअरचं. ते वाळलं की पांढरं उरतं. किटली बघा, ऑब्रीचा पेला बघा, हे झाकण बघा. डब्याच्या आत एक ठिपका नाही. तेव्हा तेही नाही. राहिलं तिसरं. स्वच्छ पाणी, कारखान्यात बाटलीत भरलेलं. ते या घरात कोण आणतं?"

डेन्झिलने हातातली बाटली टेबलाखाली नेली. सगळ्यांनी पाहिलं.

"बाटल्या मी आईला प्यायला आणल्या होत्या," तो म्हणाला. "कोणीही ओतलं असेल."

"ओतलं असेल. पण नट कोणी सैल केला? मा एका हाताने तो फिरवू शकत नाही. फिलेमॉन गुरुवारी पाइपवर आळ घालणार नाही. इथे राहणारं शेंबडं पोरसुद्धा घालणार नाही. पाइपमध्ये रोज पाणी असतं असं फक्त त्यालाच वाटेल, ज्याच्याकडे कारंजं चालतं. खोटं बोलायलासुद्धा आपलं गाव माहीत असावं लागतं, डेन्झिल."

"पण का?" ऑब्रीने विचारलं. "तोच आजा, तोच कागद. हा स्वतः गेला की."

"म्हणूनच. हा गेला, कारण ती राहिली. ती गेली तर आईला कोण उचलणार?"

डेन्झिलचा चेहरा उतरला. "मी पैसे पाठवतो," तो म्हणाला. "माझी बायको, माझं काम... आईला तिकडे नेता येत नाही. मी तरी काय करू? कोणीतरी इथे राहायला हवं ना."

"कोणीतरी," लिओनी म्हणाली. "माझं नाव कोणीतरी नाही."

मग ती आईकडे वळली. खिडकीतल्या बाटल्यांकडे पाहून तिने हळूच विचारलं, "मा, या बाटल्या तुला कपाटापाशी रिकाम्या सापडल्या ना?"

व्हायोलाने काठीची मूठ चोळली. "चांगल्या बाटल्या होत्या," ती म्हणाली. "टाकवल्या नाहीत. तो माझा मुलगा आहे, लिओनी."

"आणि मी?"

व्हायोला खिडकीतल्या बाटल्यांकडे बघू लागली.

"दुसरी प्रत हरवलेली नाही," मासूकू म्हणाली. "तिकडे कायम राहायचा अर्ज केला असशील तेव्हा ती लागली असेल, आणि असले कागद कोणी हरवू देत नाही. हवं तर तुझ्या बायकोला मी फोन करते. काय झालं तेही सांगते."

डेन्झिलने स्वतःच फोन केला. दाखला त्याच्या कपाटात, पासपोर्टखाली होता. विमानाने पाठवला तर बुधवारपर्यंत पोचेल, असं बायको म्हणाली. अर्ज गुरुवारी होता.

लिओनीने फोन त्याच्या हातातून घेतला. "वहिनी, त्याची वाट बघू नका. आईला नीट बघणारी बाई मिळेपर्यंत तो इथेच आहे."

मग तिने दोन्ही पिवळे कॅन उचलून भावाच्या पांढऱ्या बुटांपाशी ठेवले.

"मा डाव्या कुशीवर झोपत नाही. रात्री दोनदा उठव. फिलेमॉन उद्यापासून तुझ्यासाठी पाणी आणणार नाही."

"मुळीच नाही," फिलेमॉन म्हणाला.

रविवारी सकाळी ऑब्रीने बोअरजवळ गाडी हळू केली. रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. डेन्झिल दोन कॅन घेऊन मध्येच घुसला होता आणि गल्लीतली एक बाई त्याला कोपराने मागे ढकलत होती.

"काय म्हणते ती?" मासूकूने विचारलं.

ऑब्रीने काच खाली केली आणि ऐकलं. "म्हणते, साहेब, इथे आज्याच्या नावावर नंबर लागत नाही."