पाचवी खाच

अकरा वर्षं अडगळीच्या खोलीत उभ्या असलेल्या मोटरसायकलच्या पोटात काय काय सापडावं! हवेच्या गाळणीत उंदरांचा अख्खा संसार, टाकीत पेट्रोलच्या नावाखाली तांबूस डिंक, आणि पिस्टन तर असा रुसलेला की फिटरबाईने त्याला चार दिवस रॉकेलमध्ये भिजवून त्याची मनधरणी केली.

फिटरबाई म्हणजे या घरची लेक. पंपांच्या कारखान्यात कामाला, म्हणून बाबा कौतुकाने तसं म्हणायचे. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि तेव्हापासून आईने उंबरठा ओलांडला नव्हता. बस नको, मोटार नको. लेकीने फारच पिच्छा पुरवला तेव्हा म्हणाली, "त्यांची गाडी चालू कर, मग बसते." आईला वाटलं, सुटले. पण लेक बापाच्या वळणाची. दुसऱ्या दिवशी पाने घेऊन हजर.

इंजिन धडधडलं त्या संध्याकाळी लेकीने मागच्या स्प्रिंगा पहिल्या खाचेवर सैल केल्या. आधी एकटीनेच फेरी मारायची, तर एवढा ताठा कशाला? सकाळी पाहते तर दोन्ही स्प्रिंगा पाचव्या खाचेवर, सगळ्यात घट्ट. त्या फिरवायचा पाना एकच, आणि तो तिच्या उशाशी पिशवीत होता.

"विसरली असशील," आई म्हणाली.

"दिवसाला वीस पंप जोडते मी. विसरले असते तर कारखाना बुडाला असता!"

तिने स्प्रिंगा पुन्हा सैल केल्या, तारेने करकचून बांधल्या. सकाळी तार तशीच, गाठ तशीच. खाच पाचवी.

हे ऐकून आई खोलीत आली. सीटवरून हात फिरवत राहिली.

"एकटे असले की पहिली. मी मागे बसले की तिसरी. माझी कंबर दुखू नये म्हणून किती जपायचे!"

"आणि पाचवी?"

"तू झाल्यावर. तिघं असलो की. तू टाकीवर, मागे मी, त्यांचा मी विणलेला लोकरीचा स्वेटर मुठीत धरून."

मग ती आत गेली आणि चपला घालून आली.

लेकीने स्प्रिंगा तिसऱ्या खाचेवर आणल्या. "दोघीच आहोत," ती जरा मोठ्यानेच म्हणाली.

भर दुपार. रस्ता मोकळा. पहिल्याच चढावर गाडी दबली, धापा टाकू लागली. लेकीच्या लक्षात आलं, आपण पार टाकीपर्यंत पुढे सरकलोय. लहानपणी बसायचो तिथे.

कमरेला आईचे हात लागत नव्हते.

"आई, धरलंयस ना?"

"धरलंय गं. घट्ट." आवाज हसरा होता. तीन वर्षांनी.

घरी आल्यावर लेकीने आईला हात देऊन उतरवलं. स्वतःचा सुती सदरा घामाने चिंब झाला होता.

आईच्या दोन्ही तळव्यांवर जाड लोकरीच्या विणीचे लाल वळ उमटले होते. एक टाका सुलट, एक उलट.