दाराजवळचा ओला कोबा

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण माझा बाळासोमामा चेष्टेत असलं काही बोलणारा माणूस नव्हे. शिवाजी पेठेतला सुतार. भुताचं नाव काढलं की हसणारा.

आणि रात्र वगैरे काही नव्हती. भर दुपार होती. २०२१ चा नोव्हेंबर, नदीच्या अंगाचा एक बंगला. पत्ता सांगणार नाही, बाई अजून तिथंच राहते.

बाई म्हणजे अनुजाताई. जुलैच्या महापुरात तिचा नवरा विश्वजित त्याच घरात वारला. हॉलमध्ये चार दिवस पाणी. मामानं जमिनीवर बसवलेल्या सागवानी फळ्या फुगून उठल्या होत्या. त्या दुरुस्त करायला तिनं मामाला बोलावलं.

मामा दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा गेला.

का नाही म्हणत होता, ते त्याचं त्यालाच ठाऊक. मामीलाही नाही.

पुराच्या दिवशी विश्वजितचा फोन आला होता. घरातली सगळी बोटीतून गेलेली, हा एकटाच मागं राहिला होता.

"काका, पाणी पायरीला लागलंय. फळ्यांचं काय करू? लाईट पण बंद करून टाकतो."

"दाराजवळनं उचकायला लागा," मामा म्हणाला. "आणि लाईट कशाला घालवताय? एकोणीसला घरात वीतभरच आलतं. तुमचा इन्व्हर्टर त्या खुणेच्या वर हाय की. तितवर पाणी यायचं न्हाय."

२०१९ च्या पुराची खूण आमच्याकडं भिंतीभिंतीवर आहे. माणसं तिच्यावर डोळे झाकून विसंबतात.

पाणी खुणेच्या वर चढलं. पाण्यात करंट उतरला.

तर, मामानं सगळ्या फळ्या काढल्या. खालचा सिमेंटचा कोबा उघडा केला. आठ दिवस पंखे लावून वाळवला. लाकूड घालायच्या आधी मामाची एक पद्धत आहे. कोब्यावर प्लॅस्टिकचा चौकोन ठेवायचा, कडांना चिकटपट्टी लावायची आणि एक दिवस हात लावायचा नाही. आतून थेंब धरले तर कोबा ओला.

चार ठिकाणी चौकोन लावले. तीन कोरडे निघाले.

दाराजवळचा...

थेंब होते. पंजाच्या आकारात. पाच बोटं पसरलेली.

"माझाच हात लागला असंल," मामा स्वतःशी म्हणाला. पुसलं. नवा चौकोन लावला.

दुसऱ्या दिवशी दुपारी... दोन पंजे.

मामानं हातोडीचा दांडा कोब्यावर आपटला. पोकळ आहे का बघायला तसंच करतात.

टक. टक.

खालून...

टक. टक.

खाली नुसता मुरूम आणि माती!

मामानं मान वर केली. पंखे फिरत होते. पण आवाज नव्हता. रस्त्यावरच्या गाड्यांचाही नाही. फक्त गाळाचा वास.

मग माणूस पार पिसाळला. हीटर लावला. कोळशाची शेगडी आणली. चार दिवस त्याच कोपऱ्यात बसून राहिला. "वाळ की रं बाबा! पाया पडतो, वाळ!"

खरं सांगून टाकलं तर सुटेन, असं त्याला सारखं वाटायचं. पण त्या बाईला तोंड कुठलं दाखवायचं?

पाचव्या दिवशी अनुजाताई चहा घेऊन आली. मामा कोब्यावर तसाच गुडघे टेकून बसलेला. त्याला रडू फुटलं.

"ताई, तुमच्या मालकांचा जीव मी घेतला." आणि फोनवर काय बोलला ते सगळं सांगितलं.

तिनं कप खाली ठेवला. ती रागावली नाही, रडलीही नाही.

"ठाऊक हाय मला, काका."

"कोण... कोण बोललं?"

"हेच. रोज दुपारी त्या कोपऱ्यातनं बोलत्यात. म्हणून तर तुम्हाला तीनदा फोन केला."

मामानं डोळे पुसले. "काय म्हणत्यात?"

"अजून फळ्याच काढायला लागल्यात, काका. पाणी कुठवर आलं, विचारत्यात. मी किती सांगितलं, ऐकतच न्हाईत." मग तिनं मामाकडं बघितलं. "तुमचं ऐकतील. त्या दिवशी पण तुमचंच ऐकलं की."

मामा काय करणार? कोब्याला तोंड लावलं. "विश्वजितराव... पाणी ओसरलं. सोडा ते. बाहेर या आता."

खालून एकदाच... टक.

दुसऱ्या दिवशी चौकोन कोरडा ठणठणीत. मामानं फळ्या बसवल्या. आजवर एक फळी उठलेली नाही.

गोष्ट इथंच संपायला हवी होती.

गेल्या मे महिन्यात मी मामाकडं गेलो. पेठेतलं हे घर उंचावर, तिथं पूर कधी येत नाही. मामाच्या कॉटशेजारी फरशीवर प्लॅस्टिकचा चौकोन होता. कडांना चिकटपट्टी.

"मामा, हे काय?"

"बाहेर या म्हटलं मी," मामा हळूच म्हणाला. "कुठं जायचं ते सांगितलंच न्हाय रं. आता काय सांगू त्यास्नी, तूच सांग."

वाकून बघायची मला हिंमत झाली नाही. पण उठताना खाली हात टेकला...

फरशी ओली होती.

तेव्हापासून मी मामाच्या घरी जमिनीवर बसत नाही.