बिनकुलपाचं दार

सकाळी सातला पहिला फोन आला तेव्हा किल्लीवाली देवीचं तोंड पुसत होती. वीतभर उंचीची पितळी मूर्ती, हाताळून हाताळून नाकडोळे गुळगुळीत झालेले. फोनवरचा माणूस कुजबुजत होता. दार ओढलं गेलंय, किल्ली आत राहिलीय, जरा लवकर या... मी बाहेर आहे. बाहेर म्हणजे कुठे, ते तिला तिसऱ्या मजल्यावर पोचल्यावर कळलं. गृहस्थ जिन्यात उभा होता — खांद्यावर टॉवेल, एका गालावर साबणाचा फेस आणि हातात दुधाची पिशवी.

"माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला.

"मी कुलूप बघायला आलेय," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

चाळीस सेकंदांत दार उघडलं. आभार मानायचे सोडून गृहस्थाचं तोंड उतरलं. चोरी झालेल्या घरांची पाहणी करून विमा कंपनीला अहवाल द्यायचा, हा त्याचा धंदा होता, आणि हेच कुलूप लावा म्हणून तो बारा वर्षं लोकांना सांगत आला होता. तिनं हत्यारं पिशवीत भरली आणि आता सांगू नका म्हणाली. तो हसला तेव्हा फेस त्याच्या कानापर्यंत गेला होता, आणि जिना उतरताना तिला उगाचच तो कान आठवत राहिला.

पुढच्या तीन आठवड्यांत विमावाल्यानं तिला तीनदा बोलावलं. एकदा किल्ली हरवली. एकदा किल्ली फिरेना. तिसऱ्यांदा तर ती कुलपातच मोडली. तिनं चिमट्यानं तुकडा बाहेर काढला, खिडकीशी नेऊन उजेडात फिरवून पाहिला आणि त्याच्यासमोर धरला.

"साहेब, पकडीनं मोडली की व्रण राहतात."

त्यानं तुकडा हातात घेतला.

"माझ्या कामात असले व्रण मी लगेच ओळखतो," तो म्हणाला.

"मग स्वतः एवढा कच्चा गुन्हा कसा केलात?"

"पकडलं जायचं होतं... म्हणून."

तिला हसू आवरेना. आणि एकदा हसल्यावर रागावता येत नाही, ही तिची जुनी अडचण होती. त्या संध्याकाळी दोघं कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा प्यायले. मग रोजच प्यायला लागले.

तिच्या घरी तो पहिल्यांदा आला तेव्हा बाहेर पाऊस भुरभुरत होता. दारापाशी आला आणि थबकला. दाराला कुलूप नव्हतं. कडी नव्हती, साखळी नव्हती, बोल्टसुद्धा नव्हता. धंद्याच्या सवयीनं त्यानं चौकटीवरून बोट फिरवलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. जगाला कुलुपं लावत हिंडणारी बाई, आणि घर असं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं तो म्हणाला. ती म्हणाली, अंधार नाही, दिवा आत आहे, बूट काढून या.

मग तिनं त्याला सांगितलं. मूर्ती मावशीची. ऐन तरुणपणात मावशीवर एकदा सगळी दारं बंद झाली होती, माहेरचंसुद्धा. एका अनोळखी बाईनं दार उघडलं, चार महिने ठेवून घेतलं, आणि निघताना ही देवी हातात दिली. सोबत एकच नियम दिला. जिथे ही राहील त्या दाराला कुलूप लावायचं नाही. दार ढकलून जी बाई आत येईल, ती हीच आली असं समजायचं आणि का आलीस म्हणून विचारायचं नाही. पुरुषानं मात्र दार वाजवायचं आणि ये म्हटल्यावरच आत यायचं.

मावशी गेली तेव्हा नातेवाइकांनी देवी कुठेतरी नेऊन ठेवायचा सल्ला दिला. किल्लीवालीनं ती उचलली आणि त्याच दिवशी आपल्या दाराचं कुलूप काढलं. गेली नऊ वर्षं बायका येत होत्या. पलीकडच्या इस्पितळातली नर्स रात्रपाळी संपवून येई आणि तीन तास गाढ झोपे, कारण तिच्या घरात दिवसा कुणी तिला झोपू देत नसे. एक मुलगी परीक्षेचा अभ्यास करायला येई. एक म्हातारी नुसतीच येऊन बसे. किल्लीवाली सकाळी दिवा लावी आणि देवीला म्हणे, आज कुणाच्या रूपात येतेस बघू, चहा टाकून ठेवते. हीच तिची पूजा. दुसरी तिला येतही नव्हती.

"चोरी नाही झाली कधी?" त्यानं न राहवून विचारलं.

"दोनदा झाली. एकदा मिक्सर गेला, एकदा माझे चांगले बूट."

"आणि देवी?"

"उचलून पाहिली असावी. परत ठेवली होती, तोंड भिंतीकडे करून. लाज वाटली असेल त्याला."

तो खूप हसला. मग तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. करवतीनं, कानशीनं खरखरीत झालेल्या त्या हाताला पहिल्यांदाच काय करावं ते सुचेना.

घोडं अडलं ते त्याच्या ताईपाशी. आईच्या माघारी ताईनंच त्याला वाढवलं होतं, त्यामुळे तिचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. ताई घर बघायला आली, चहा घेतला, देवीला हातही जोडले. मग म्हणाली, देवी असू दे, माझं काही म्हणणं नाही, पण लग्नानंतर दाराला कुलूप हवं. कोण कुठली बाई घरात शिरेल, आणि उद्या लेकरंबाळं झाली म्हणजे? किल्लीवालीनं शांतपणे सांगितलं की लेकरांनाही येणाऱ्या बाईला चहा द्यायला शिकवीन. ताईचा चेहरा आंबट झाला. विमावाला मात्र दोघींच्या मध्ये बसून कपातल्या सायीकडे बघत राहिला. त्याचं ते गप्प बसणं तिला ताईच्या बोलण्याहून जास्त लागलं.

आठवड्याभरानं ती दुपारी कामावरून घरी आली, तर नर्स जिन्याच्या पायरीवर बसून भिंतीला डोकं टेकून झोपलेली. गणवेश तसाच, चपला पायांतच. दाराला एक कोरं करकरीत कुलूप होतं, बाजारातलं सगळ्यात भारी. मुठीला चिठ्ठी अडकवली होती. 'रागावू नकोस. तुझ्या काळजीनं. किल्ली शेजारी ठेवलीय.'

किल्ली मागायला ती शेजारी गेली नाही. हत्यारं काढली. एवढ्या भारी कुलपाला साडेतीन मिनिटं लागली. नर्सला आत नेऊन अंथरूण घालून दिलं, अंगावर पांघरूण घातलं, मग स्क्रू काढून कुलूप सबंध उखडलं आणि ते पिशवीत घालून तडक त्याच्या ऑफिसात गेली. वीस टेबलांवरच्या माना वर झाल्या. तिनं कुलूप त्याच्या अहवालांवर ठेवलं.

"नर्स पायरीवर झोपली होती," ती म्हणाली. "नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारातून बाई परतली असती."

"मला भीती वाटते गं," तो हळूच म्हणाला. "मी रोज बघतो ना, लोकांच्या घरात काय काय होतं ते..."

"भीती मलाही वाटते. रोज वाटते. कुलपानं ती गेली असती तर माझ्याइतकी निर्धास्त बाई जगात नसती, कुलुपं मला फुकट मिळतात. मी तरी दार उघडं ठेवते. हे माझं खूळ नाही, माझं व्रत आहे. तुम्ही मला आवडता, फार आवडता. पण तिला बाहेर ठेवून मला तुम्हाला आत घेता येणार नाही."

ती निघाली. जिना उतरेपर्यंत तिनं स्वतःला सावरलं, रस्त्यावर आल्यावर मात्र रडली. घरी येऊन देवीसमोर बसली आणि तिच्याशी भांडली. तुला नर्स चालते, म्हातारी चालते, माझंच तेवढं माणूस चालत नाही का? देवी आपली गुळगुळीत चेहऱ्यानं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी किल्लीवालीनं नेहमीसारखा दिवा लावला आणि चहा टाकला. माघार घ्यायची नाही, एवढं पक्कं होतं. मन मात्र फोन वाजला की उडी मारायचं आणि तो कुणा परक्याचा निघाला की तोंडावर पडायचं.

तेराव्या दिवशी फोन आला. आवाज तोच, पण अगदी गिऱ्हाइकाचा.

"कुलपाचं काम होतं."

"किल्ली हरवली?"

"नाही. दोन्ही किल्ल्या हातात आहेत. कुलूप नकोय."

ती गेली. तो त्याच जिन्यात, त्याच दारासमोर उभा होता. या वेळी दाढी पूर्ण झालेली होती, पण डोळे जागरणानं लाल.

"परवा तुमच्या घरी आलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही कामावर होता. वाजवलं, कुणी ये म्हणालं नाही, म्हणून पायरीवर बसलो. नर्स जिथे झोपली होती ना, तिथेच. दुपारभर. तेवढ्या वेळात चार बायका आल्या. एकीनंही दार वाजवलं नाही... नुसतं ढकललं. दारासमोर घाबरून उभी राहिलेली माणसं मी शेकड्यांनी पाहिलीत. पण हात दाराला लागताच ज्याचे खांदे खाली येतात, असं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. चौघींचेही आले."

तिनं पिशवी खाली ठेवली. मग तिनं ताईचं काय ते विचारलं.

"ताई म्हणते, त्या घरात मी पाय ठेवणार नाही. मी म्हटलं, नको ठेवूस. पण कधी वाटलंच तर दार ढकल, ताई. तुला वाजवायची गरज नाही." तो थांबला. "देवी इकडे आणा नाहीतर मी तिकडे येतो. पण हे कुलूप आज निघालं पाहिजे. माझ्या हातानं निघेना... सकाळपासून खटपट करतोय."

स्क्रूच्या सगळ्या खाचा त्यानं पार बिघडवून ठेवल्या होत्या. तिनं त्याला बाजूला सारलं, गुडघे टेकले आणि कामाला लागली. तो तिच्या डोक्यावर मोबाइलचा उजेड धरून उभा होता. शेवटचा स्क्रू निघाला तेव्हा कुलूप तिच्या मांडीवर पडलं आणि दारात मुठीएवढं भोक उरलं.

"हे बुजवायला सुतार बोलवू?" त्यानं विचारलं.

"राहू दे. आत दिवा लावला की जिन्यातून दिसेल."

ती उठली, हात झटकले आणि दार ढकलून सरळ आत गेली. दार तिच्यामागे अलगद लोटलं गेलं. तो बाहेरच राहिला, स्वतःच्याच घराबाहेर, हातात दोन निरुपयोगी किल्ल्या घेऊन. मग त्यानं हळूच दार वाजवलं.

"ये रे," ती आतून म्हणाली.