काशाचा थाळा

पूर्वेला तांबडं फुटलं, पण सोनटेक गडावर त्या पहाटे चौघडा झडला नाही. अवघा गड जमिनीला कान लावून बसला होता. गनिमाचा सुरुंग थेट बुरुजाखाली येऊन भिडला होता. गडकऱ्यांनी आतून आडवा बोगदा खणून त्याला भगदाड पाडलं, तेव्हा पलीकडून पहारींचे घाव ऐकू आले, आणि बायकांचं खोकणंही.

किल्लेदार सर्जेराव ढवळ्यांनी अंतोबा वैद्यांना पाचारण केलं. हरताळ-गंधकाच्या विषारी धुराची विद्या गडावर त्यांच्या एकट्याजवळ; कोठारातल्या घुशी ते त्यानेच मारत. मात्र शेगडी पेटवण्याआधी काशाचा थाळा बडवायचा, आत कोणी माणूस असेल तर त्याने बाहेर यावं, हा त्यांचा नेम कधी चुकला नव्हता.

"वैद्यराज, शेगडी लावा."

"लावतो, सरकार. आधी थाळा वाजवू द्या. आत वेठीला धरलेले आपल्याच मुलखातले बेलदार आहेत. त्यांची बायकापोरं माती वाहताहेत."

"थाळा वाजला की गनीम सावध होईल! तो सुरुंगातल्या दारूला बत्ती देईल, मग गडावरच्या बायकापोरांचं काय?"

"आपलं म्हणणं खोटं नाही. पण ही विद्या मी घुशींसाठी उभी केली. माणसांवर न सांगता सोडणार नाही."

"तुमची विद्या आता दौलतीची आहे!" सर्जेराव कडाडले. "बाजूला व्हा!"

अंतोबांनी तोंडाला उपरणं बांधलं, थाळा उचलला आणि ते सरळ भगदाडात शिरले. अहो, काय तो आवाज! डोंगराच्या पोटात थाळा दणाणू लागला. "बाहेर पळा रे! विषाचा धूर येतोय!"

सर्जेराव शेगडीपाशी आले. थांबावं तर गड जातो. न थांबावं तर ज्याने आपल्याला विषमज्वरातून ओढून काढलं, तो माणूस आत आहे. शेवटी त्यांनी स्वतःच शेगडी पेटवली आणि भाता मारला. थाळा वाजत वाजत दूर गेला. मग थांबला.

गड वाचला. बेलदार पोरंबाळं घेऊन रानात पांगले, गनीम सुरुंग तसाच टाकून पळाला. अंतोबांचा देह सापडला तो पार पलीकडच्या तोंडाशी. ते मागे फिरलेच नव्हते.

सर्जेरावांना मानाचं कडं मिळालं. त्यांनी घरातलं सारं कासं मोडीत काढलं आणि जन्मभर पत्रावळीवर जेवले. तरी शेजारी कुठे ताटली पडली, की ते भरल्या पानावरून उठत, बायकोमुलांना हाताला धरून अंगणात आणत आणि म्हणत, "सगळे आलात ना बाहेर? वैद्यराज कुठे आहेत?"